ग्रीन कसे वाचावे : वेग, उतार आणि रेषा ठरवण्याची क्रमवार पद्धत

गोल्फमध्ये पार 72 च्या, म्हणजे 72 फटक्यांत पूर्ण होणे अपेक्षित असलेल्या 18 होलच्या मैदानात, प्रत्येक होलमागे दोन याप्रमाणे 36 फटके पटिंगसाठी, म्हणजे ग्रीनवर (कपाभोवतीच्या अगदी बारीक कापलेल्या गवतावर) चेंडू घरंगळवत कपात टाकण्यासाठी, गृहीत धरलेले असतात, म्हणजे फेरीचा निम्मा हिशेब ग्रीनवरच होतो. तरीही बहुतेक हौशी खेळाडू स्विंगवर वर्षे खर्च करतात आणि ग्रीनवर पोहोचल्यावर चेंडूमागे क्षणभर उकिडवे बसून ‘थोडे डावीकडे’ असा अंदाज बांधून मोकळे होतात. मग पट (ग्रीनवर घरंगळवत मारलेला फटका) कपाच्या, म्हणजे जमिनीतल्या भोकाच्या, खालच्या बाजूने निसटला की दोष हातांना दिला जातो. माझ्या पाहण्यात असे असंख्य पट आले आहेत, जे उत्तम मारले गेले होते, पण चुकीच्या रेषेवर मारले गेले होते. ग्रीन वाचणे ही काही मोजक्या खेळाडूंना लाभलेली दैवी देणगी नाही. निरीक्षण, स्पर्श आणि थोडे साधे गणित यांच्या आधारे शिकता येणारे ते कौशल्य आहे, आणि पुढे दिलेला क्रम त्याच हेतूने मांडला आहे.

चेंडू नेमका कुठे वळतो

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी एक गोष्ट मनात पक्की बसली पाहिजे, कारण ती न समजल्यामुळेच सर्वाधिक पट चुकतात. उतारावरून आडव्या जाणाऱ्या चेंडूला गुरुत्वाकर्षण सतत खालच्या बाजूला ओढत असते. सुरुवातीला चेंडू वेगात असतो आणि पहिले काही फूट तो फार थोड्या वेळात पार करतो, त्यामुळे तेवढ्या वेळात ही ओढ फारसे काही करू शकत नाही. वेग ओसरला की तेवढेच अंतर कापायला चेंडूला जास्त वेळ लागतो, आणि वळण दिसू लागते ते तेव्हा.

आकड्यांत सांगायचे तर मध्यम वेगाचे, म्हणजे स्टिंपमीटरवर 10 भरणारे ग्रीन घेऊ (या मापाविषयी पुढे लिहिले आहे). आडवा उतार 1 टक्का आहे, पट 10 फुटांचा आहे आणि कपात न पडल्यास चेंडू साधारण एक फूट पुढे जाऊन थांबेल अशा जोराने मारला आहे. हिशेब केला तर हा चेंडू आपल्या सुरुवातीच्या सरळ रेषेपासून कपापर्यंत सुमारे 6 इंच ढळतो. त्यातील पहिल्या 5 फुटांत तो जेमतेम 1 इंच ढळतो आणि उरलेले 5 इंच दुसऱ्या अर्ध्यात.

याच हिशेबातून आणखी एक महत्त्वाची गोष्ट निघते. चेंडू आणि कप यांना जोडणारी सरळ रेषा कल्पिली, तर चेंडूचा वक्र मार्ग त्या रेषेपासून जास्तीत जास्त फक्त 2 इंचांच्या आसपास दूर जातो. आपल्या डोळ्यांना दिसते ते हे 2 इंचांचे वळण, पण निशाणी, म्हणजे नेम धरायचा बिंदू, मात्र कपाच्या वर, उताराच्या उंच बाजूला 6 इंचांवर धरावी लागते. दिसणारे वळण आणि धरायची निशाणी यांत तिपटीचा फरक असतो. जो खेळाडू वक्राचा सर्वांत उंच बिंदू पाहून तोच आपली निशाणी समजतो, तो चेंडू नेहमी खालून चुकवतो. वक्राच्या शिखराकडे मारलेला चेंडू शिखरापर्यंत पोहोचण्याआधीच खाली ढळू लागलेला असतो, हे त्याच्या ध्यानात येत नाही. हौशी खेळाडूंचे पट कपाच्या खालच्या बाजूने जास्त निसटतात, आणि माझ्या मते त्याचे मूळ या गैरसमजात आहे.

पहिली पायरी : ग्रीनकडे चालत येताना

वाचनाची सुरुवात ग्रीनवर पाऊल ठेवल्यावर करणे म्हणजे उशीर करणे होय. तीस-चाळीस पावले दूर असतानाच संपूर्ण ग्रीन एका नजरेत मावते आणि त्याचा एकंदर कल कुठल्या बाजूला आहे हे तिथूनच सर्वांत स्वच्छ दिसते. जवळ गेल्यावर लहानसहान उंचवटे लक्ष वेधून घेतात आणि मोठा कल नजरेतून सुटतो. येताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा : या ग्रीनवर मोठा पाऊस पडला तर पाणी कुठून वाहून जाईल? ग्रीन बांधणाऱ्याने पाण्याच्या निचऱ्याची सोय केलेलीच असते, त्यामुळे पाण्याची वाट सापडली की उताराची मुख्य दिशाही सापडते. पाणी सहसा बंकरमध्ये (वाळूच्या खड्ड्यात) वाहून जाऊ दिले जात नाही, म्हणून बंकरच्या बाजूची कड बहुधा थोडी उचललेली असते.

आजूबाजूच्या जमिनीचाही विचार करावा. मैदानाशेजारी टेकडी किंवा डोंगर असेल, तर नजर त्या उताराची तुलना ग्रीनशी करते आणि प्रत्यक्षात उतरते ग्रीन सपाट किंवा क्वचित चढते वाटू लागते. अशा ठिकाणी डोळ्यांवर कमी आणि पायांवर जास्त विश्वास ठेवावा.

दुसरी पायरी : आधी वेग, मग रेषा

रेषा ठरवून मग जोर ठरवणारे खेळाडू पुष्कळ भेटतात, पण हा क्रम उलटा आहे. एकाच पटासाठी एकच बरोबर रेषा नसते, प्रत्येक वेगाची आपली वेगळी रेषा असते. जोरात मारणाऱ्याचा चेंडू कमी वळतो, हळुवार मारणाऱ्याचा जास्त, आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. मात्र कपाचा व्यास 4.25 इंच असला, तरी वेगाने येणाऱ्या चेंडूला तो सगळा उपयोगी पडत नाही, कारण कडेला लागलेला वेगवान चेंडू गोल फिरून बाहेर पडतो. चुकल्यास एक ते दीड फूट पुढे जाऊन थांबेल असा वेग बहुतेक पटांसाठी योग्य ठरतो. या लेखातील सर्व आकडे त्याच वेगाचे आहेत.

ग्रीनचा वेग स्टिंपमीटरने मोजतात. अमेरिकेत ओकमाँट येथे झालेली 1935 ची यूएस ओपन ही गोल्फ स्पर्धा पाहिल्यावर एडवर्ड स्टिंपसन यांनी हे साधन तयार केले आणि अमेरिकेच्या गोल्फ संघटनेने 1978 पासून त्याची सुधारित आवृत्ती मैदानांना उपलब्ध करून दिली. ही 36 इंच लांबीची, खोबण असलेली पट्टी असते. खाचेत चेंडू ठेवून पट्टीचे एक टोक हळूहळू उचलतात, साधारण 20 अंशांचा कोन झाला की चेंडू आपोआप सुटतो आणि तो सपाट भागावर किती फूट घरंगळला हे मोजतात. तीन चेंडू एका दिशेने आणि तीन उलट दिशेने सोडून सरासरी काढली जाते. ग्रीन 10 चे आहे याचा अर्थ चेंडू सरासरी 10 फूट गेला. हा आकडा खेळाडूला उपयोगी पडतो, कारण वळण जवळजवळ त्याच्याच प्रमाणात वाढते. ज्या 1 टक्का उतारावर 10 च्या ग्रीनवर 6 इंच वळण मिळते, तिथे 8 च्या ग्रीनवर ते पाच इंचांच्या आत येते आणि 12 च्या ग्रीनवर सातच्या घरात जाते.

चढ-उताराचा हिशेब याहून मोठा आहे. 10 च्या ग्रीनवर 2 टक्के सरळ चढावरचा 10 फुटांचा पट सपाट जागेवरच्या साडेबारा फुटांच्या पटासारखा मारावा लागतो, तर तेवढ्याच उतारावरचा पट साडेसात फुटांच्या पटासारखा. चढावर मारलेला चेंडू वेगात निघतो आणि कपाजवळ झटकन थांबतो, म्हणून तो कमी वळतो. उतारावरचा चेंडू हळू निघतो, रेंगाळतो आणि जास्त वळतो. आडव्या पटात चढ किंवा उतार मिसळलेला असेल, तर निशाणी ठरवण्याआधी या फरकाची नोंद करणे आवश्यक आहे.

तिसरी पायरी : फॉल लाइन शोधणे

कपाच्या मधोमध ठेवलेला चेंडू सोडून दिला तर तो ज्या सरळ दिशेने खाली घरंगळेल, त्या दिशेला फॉल लाइन म्हणतात. या रेषेवरून वर किंवा खाली मारलेला पट वळत नाही, बाकी प्रत्येक पट या रेषेच्या खालच्या टोकाकडे वळतो. ही एक रेषा सापडली की वळणाच्या दिशेविषयी शंकाच उरत नाही, म्हणून वाचनात मी तिला सर्वांत वरचे स्थान देतो.

ती शोधण्यासाठी कपापासून चार-पाच फुटांवरून कपाभोवती शांतपणे एक फेरी मारावी. चालताना कुठे पाय चढतात आणि कुठे उतरतात हे जाणवते, आणि जिथे चढणे संपून उतरणे सुरू होते तो सर्वांत उंच बिंदू असतो. त्याच्या बरोबर समोर सर्वांत खालचा बिंदू. या दोहोंना जोडणारी रेषा कपातून गेली पाहिजे. ती कपातून जात नसेल, तर कपाभोवतीची जमीन एकसारखी उतरती नाही, तिला घडी किंवा उंचवटा आहे.

आता कपाभोवती घड्याळाची तबकडी कल्पावी, उंच बाजूला 12 आणि खालच्या बाजूला 6. 6 वरून पट सरळ चढाचा, 12 वरून सरळ उताराचा, आणि 3 किंवा 9 वरून, तसेच त्यांच्या किंचित वरच्या जागांवरून, वळण सर्वाधिक. उतार एकसारखा असेल तर कपापासून सारख्याच अंतरावरून, घड्याळाच्या कुठल्याही आकड्यावरून मारलेल्या पटांची निशाणी जवळजवळ एकाच बिंदूवर येते, आणि हा बिंदू फॉल लाइनवर कपाच्या वर असतो. 10 च्या ग्रीनवर, 2 टक्के उताराला आणि 10 फुटांच्या अंतराला तो कपापासून सुमारे 12 इंच वर असेल. 3 वाजता उभे राहा किंवा साडेचार वाजता, नजर त्याच बिंदूवर ठेवायची. साडेचार वाजता उभ्या असलेल्या खेळाडूला तो बिंदू कपाच्या जास्त मागे आणि कमी बाजूला दिसतो, त्यामुळे त्याची निशाणी आपोआप कमी वळणाची होते. हे एक तत्त्व आत्मसात झाले की प्रत्येक पटासाठी नव्याने अंदाज बांधावा लागत नाही.

चौथी पायरी : उतार किती, हे पायांनी ठरवणे

दिशा डोळ्यांनी बऱ्यापैकी कळते, पण प्रमाणाच्या बाबतीत डोळे सहज फसतात. उतार पाहायचाच असेल तर खालच्या बाजूने, पटाच्या मध्यावरून चार-पाच पावले दूर उभे राहून आणि नजर खाली आणून पाहावा. तिरपे धरलेले पुस्तक जसे उताराच्या बाजूने धरले की पूर्ण दिसते आणि उलट बाजूने धरले की दबलेले दिसते, तसेच हे आहे. वरच्या बाजूने पाहिलेले ग्रीन नेहमीच कमी उतरते वाटते. चेंडूच्या मागून आणि कपाच्या मागूनही पाहावे, पण वेळ कमी असेल तर खालच्या बाजूची जागा मी कधी सोडत नाही.

प्रमाणासाठी पाय अधिक भरवशाचे असतात. मार्क स्वीनी यांनी रूढ केलेली एमपॉइंट ही पद्धत याच जाणिवेवर उभी आहे, आणि ॲडम स्कॉटसारख्या अव्वल खेळाडूंनी ती वापरली आहे. पटाच्या साधारण मध्यावर, दोन्ही पाय खांद्यांइतके अंतर ठेवून आणि तोंड कपाकडे करून उभे राहावे, गुडघे सैल सोडावेत आणि कुठल्या पायावर किती जास्त भार येतो हे अनुभवावे. त्या जाणिवेला एक आकडा द्यावा : अगदी पुसट असेल तर 1 टक्का, स्पष्ट असेल तर 2, तोल सावरावा असे वाटले तर 3 किंवा त्याहून अधिक. वेगवान ग्रीनवर कप सहसा 3 टक्क्यांपेक्षा जास्त उतारावर कापत नाहीत, त्यामुळे कपाजवळ 5 चा आकडा मनात आला तर एकदा पुन्हा तपासून पाहावे.

पुढचा भाग बोटांचा आहे. चेंडूमागे उभे राहून, ज्या डोळ्याने आपण नेम धरतो तो उघडा ठेवून हात समोर धरावा, टक्क्यांइतकी बोटे उभी करावीत, बोटांची एक कड कपाच्या मध्यावर ठेवावी आणि दुसरी कड उंच बाजूला जिथे येईल ती निशाणी धरावी. ही युक्ती प्रथम ऐकताना फार सोपी वाटते आणि म्हणून अविश्वसनीयही वाटते, पण तिच्यामागे भक्कम कारण आहे. 10 च्या ग्रीनवर 1 टक्का उताराला 5 फुटांवर सुमारे अडीच इंच, 10 फुटांवर 6 इंच आणि 20 फुटांवर 13 इंच वळण मिळते. अंतर दुप्पट झाले की वळण दुपटीहून थोडे जास्त होते, पण चेंडूपासून पाहिलेला कोन मात्र अडीच ते तीन अंशांच्या आसपासच राहतो. बोट कोनच मोजते, म्हणून एकच बोट जवळच्या आणि लांबच्या दोन्ही पटांना चालते. बोटांची जाडी आणि हाताची लांबी प्रत्येकाची वेगळी असल्यामुळे कोपर किती वाकवायचे हे सराव ग्रीनवर ठरवून घ्यावे लागते. ग्रीन वेगवान असेल तर हात चेहऱ्याच्या जवळ आणावा, म्हणजे बोट जास्त जागा झाकते. संथ असेल तर लांब न्यावा.

पटर (पट मारण्याची काठी) हवेत लोंबता धरून एका डोळ्याने पाहण्याची जुनी पद्धतही प्रचलित आहे. तिच्यातून उभ्या रेषेचा आधार मिळतो, पण खेळाडू जिथे उभा आहे तिथलाच कल ती फार तर सांगते. कपाजवळ वेगळा उतार असेल तर ती दिशाभूल करते, आणि म्हणून मी ती शिफारस म्हणून देत नाही.

पाचवी पायरी : लांब आणि दुहेरी वळणाचा पट

वीस फुटांपुढे जमीन क्वचितच एकसारखी असते. अशा पटाचे तीन भाग करावेत आणि वाचन कपापासून चेंडूकडे, म्हणजे उलटे करावे. शेवटच्या भागात चेंडू सर्वांत हळू असतो, म्हणून तिथला उतार सर्वाधिक महत्त्वाचा. चेंडू कपात कुठल्या बाजूने शिरेल हे आधी ठरवावे, त्या दारापर्यंत पोहोचण्यासाठी मधल्या भागातून तो कुठून यायला हवा हे मग ठरवावे, आणि सर्वांत शेवटी सुरुवातीची रेषा. पहिल्या भागातला उतार तीव्र असेल तरच त्याला मोठे वजन द्यावे, अन्यथा चेंडू त्यातून वेगाने निघून जातो. दोन परस्परविरुद्ध वळणे समान दिसली तरी ती एकमेकांना बरोबर रद्द करतीलच असे नाही. चाळीस फुटांवरून मात्र रेषेवर फार वेळ घालवू नये. तिथे तीन पट मारावे लागतात ते बहुतेक वेळा अंतर चुकल्यामुळे.

गवत, ओल आणि वेळ

बर्म्युडासारखे गवत आडवे वाढते आणि त्याच्या पात्यांना एक कल असतो, त्याला ग्रेन म्हणतात. समोरचे ग्रीन चकचकीत दिसले तर पाती आपल्यापासून दूर झुकलेली आहेत आणि चेंडू जलद जाईल. काळपट, गडद दिसले तर पाती आपल्याकडे झुकलेली आहेत आणि चेंडू अडेल. कपाची कडही पाहावी : एका बाजूला ती झिजलेली, फाटलेली दिसते, आणि ग्रेन बहुधा त्याच दिशेला असतो. आडवा ग्रेन उताराच्याच दिशेला असेल तर वळण वाढवावे, विरुद्ध असेल तर कमी करावे. बेंट गवताच्या, बारीक कापलेल्या ग्रीनवर याचा परिणाम इतका कमी असतो की मी तिथे उताराखेरीज कशाचाही विचार करत नाही. पोआ गवताचे ग्रीन दुपारनंतर तुऱ्यांमुळे खडबडीत होते, तिथे फार हळू मारलेला चेंडू वाकडा उसळतो. दवाने ओले ग्रीन संथ असते, म्हणून सकाळी वळण कमी आणि दव सुकल्यावर जास्त धरावे.

वाचताना नियमांची मर्यादा

फेरी चालू असताना चेंडू घरंगळवून किंवा पृष्ठभाग घासून ग्रीनची मुद्दाम परीक्षा घेण्यास नियम 13.1इ मनाई करतो. उतार मोजणारी साधने, म्हणजे पातळी दाखवणारे उपकरण किंवा फोन, नियम 4.3 नुसार वापरता येत नाहीत, मात्र पाय आणि बोटे वापरण्यास आडकाठी नाही. ग्रीनचे नकाशे वापरता येतात, पण 2019 पासून त्यांचे प्रमाण 1 : 480 पेक्षा मोठे नसावे अशी मर्यादा आहे, आणि उच्च पातळीवरील स्पर्धांसाठी 2022 पासून असे नकाशे आणखी मर्यादित करणारा स्थानिक नियम उपलब्ध आहे. कॅडी (खेळाडूचा मदतनीस) रेषा दाखवू शकतो, पण ग्रीनवर कुठलीही वस्तू ठेवून नाही, आणि खेळाडू पवित्रा घेऊ लागल्यावर तो मुद्दाम चेंडूमागील रेषेत उभा राहू शकत नाही. चेंडूंच्या आघाताने पडलेले खळगे आणि बुटांच्या खुणा दुरुस्त करता येतात. फटका मारण्यास 40 सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये अशी शिफारस असल्यामुळे फॉल लाइन आणि पायांची तपासणी दुसरा खेळाडू खेळत असतानाच, त्याच्या रेषेवर पाय न देता आणि त्याच्या नजरेसमोर न येता उरकावी.

सराव

सराव ग्रीनवर एकसारखा उतार असलेला कप निवडावा आणि इथे फोनमधील पातळीमापक निःसंकोच वापरावा. आधी पायांनी आकडा सांगावा, मग मोजून पाहावे. रोज दहा जागा तपासल्या तर पायांचा अंदाज लवकरच अर्ध्या टक्क्याच्या आत येऊ लागतो. त्यानंतर फॉल लाइन शोधून तिच्यावर, कपाच्या वर, एक टी (चेंडू ठेवण्याची छोटी खुंटी) खोचावी आणि घड्याळाच्या आठ आकड्यांवरून, सहा फुटांवरून, त्याच टीच्या दिशेने पट मारावेत. चेंडू सगळीकडून खालून चुकत असतील तर टी थोडी वर सरकवावी, वरून चुकत असतील तर खाली.

खेळताना प्रत्येक चुकलेल्या पटानंतर चेंडू थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत राहावे. कप ओलांडून गेलेला चेंडू पुढचे दोन फूट कसा वळला, तेच परतीच्या पटाचे वाचन असते, आणि नजर फिरवून घेणारा खेळाडू ते गमावतो. पट वरून चुकला की खालून, एवढी एकच नोंद गुणपत्रिकेच्या कडेला करून ठेवावी. पाच-सहा फेऱ्यांनंतर त्या नोंदी एकत्र पाहिल्या आणि त्यांतील बहुतांश ‘खालून’ निघाल्या, तर निशाणी धरताना नजर अजूनही वक्राच्या शिखरावरच थांबते आहे असे समजून बोटांचा अंदाज पुन्हा बसवून घ्यावा.